'इको' पाटीचं वर्षावन पर्यटन: पैसा नक्की कुठे मुरतो?

रानवेल

वर्षावनातल्या लॉजच्या जाहिराती वाचल्या तर सगळ्यांची भाषा एकाच साच्यातली. 'निसर्गाशी एकरूप', 'स्थानिकांच्या सहभागातून', कोपऱ्यात हिरवं पान. १९९० साली इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटीने केलेली व्याख्या तशी सरळ होती: निसर्गक्षेत्रात असा प्रवास, ज्याने पर्यावरण टिकेल आणि तिथल्या लोकांचं भलं होईल. २०१५मध्ये त्यात पाहुण्याला जंगल समजावून सांगण्याचीही भर पडली. आता या व्याख्येत न बसणारा लॉज निदान जाहिरातीत तरी सापडत नाही.

तर प्रश्न असा. हाताशी फक्त वेबसाइट आणि ईमेल आहे, बुकिंग अजून व्हायचं आहे. काय विचारलं म्हणजे कळेल की पैसा खरोखर जंगलाला आणि गावाला पोचतो? 'छान असतं, जरूर जा' छापाचे प्रतिसाद नकोत. करार, हिशेब, सांडपाणी, बोटी, असं काहीतरी ठोस येऊ द्या.

चकवा

रुमाल टाकून ठेवतो.

ओलीमाती

पहिला प्रश्न एकच: जमीन कोणाच्या नावावर आहे आणि गावाशी करार काय आहे? बाकी सगळं त्यानंतर.

अभ्यासाला सगळ्यात सोयीचं उदाहरण म्हणजे पेरूमध्ये तांबोपाता नदीवरचा पोसादा अमासोनास हा लॉज. इन्फिएर्नो नावाची एसे एहा लोकांची वस्ती आणि रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स ही कंपनी यांच्यात १९९६ साली २० वर्षांचा करार झाला. नफ्यातला ६० टक्के वाटा वस्तीचा, ४० टक्के कंपनीचा, पण निर्णयात दोघांचं वजन समसमान. गावाने निवडलेली एक समिती कंपनीबरोबर बसून खर्च, भरती, दर ठरवायची. मुदत संपल्यावर लॉज वस्तीच्या मालकीचा, असं ठरलं होतं. २० वर्षं ही मुदत मुद्दाम लांब ठेवली होती. नावाड्यापासून सुरुवात करणाऱ्या माणसाला गाईड, मग व्यवस्थापक, मग हिशेबनीस व्हायला तेवढा काळ लागतोच.

आणि हो, इन्फिएर्नो म्हणजे स्पॅनिशमध्ये नरक. पैसे देऊन नरकात जाण्याची सोय तिथे फार आधीपासून आहे.

टोच्या

६० टक्के ऐकायला भारी वाटतं, पण कशाचे ६० टक्के? नफ्याचे की विक्रीचे? सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

पाहुण्याने १०० दिले असं धरा. शहरातल्या एजंटाचं कमिशन २०. बोटीचं इंधन, किराणा, पगार मिळून ५०. इमारतीचा घसारा ८, कर्जाचं व्याज ७. वर 'व्यवस्थापन शुल्क' म्हणून कंपनी स्वतःलाच १० देते. उरले ५. त्याचे ६० टक्के म्हणजे ३. शिवाय व्यवस्थापन शुल्क किती घ्यायचं हे कंपनीच ठरवत असेल तर उरलेले ५सुद्धा ०वर आणता येतात, आणि कागदोपत्री सगळं चोख. कुणी चोरी केली असंही म्हणता येत नाही.

म्हणून विक्रीवर दर पाहुण्यामागे, दर रात्रीमागे ठरलेली रक्कम गावाच्या खात्यात जाणं जास्त भरवशाचं. ती मोजायला ताळेबंद वाचावा लागत नाही, बोटीतून किती जण उतरले एवढं पाहिलं तरी पुरतं.

ओलीमाती

@टोच्या, गणित बरोबर, निष्कर्ष अर्धाच पटला. दरडोई रक्कम घेणारं गाव कायम जमीनदार राहतं. भाडं मिळतं, धंदा शिकायला मिळत नाही. नफ्यात वाटा असला की खर्चाच्या वह्या मागायचा हक्क येतो आणि त्या वह्या वाचायला माणसं तयार करावी लागतात. तुमच्या हिशेबातला व्यवस्थापन शुल्काचा झोल समसमान मतं असलेल्या समितीत इतका सहज चालत नाही. खरं तर दोन्ही हवं: दरडोई थोडी ठाम रक्कम, वर नफ्यात वाटा.

तिसरी गोष्ट पगाराची. वाटणीपेक्षा पगारातून गावात जास्त पैसा येतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणून 'कर्मचारी स्थानिक आहेत का' असं विचारून सोडू नका. कोणत्या हुद्द्यावर आहेत हे विचारा. भांडी घासणारे सगळे गावचे आणि मॅनेजर, आचारी, मुख्य गाईड राजधानीहून आणलेले, ही नेहमीची रचना आहे.

काजवा

अडाणी प्रश्न. गावाला पैसे मिळाले म्हणजे जंगल वाचतं हे गृहीत कसं धरायचं? पैसा हातात आल्यावर माणूस चेनसॉ आणि मोठं इंजिनही घेऊ शकतो.

ओलीमाती

अडाणी कसला, मुद्द्याचा प्रश्न आहे. पैसा कशाच्या बदल्यात मिळतो हे गावाला स्पष्ट दिसलं तरच जंगल वाचतं. वर्षावन नव्हे, पण कंबोडियातल्या त्मातबोय गावची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे दोन अतिदुर्मिळ आयबिस पक्षी बघायला लोक येतात. गावनिधीत पाहुण्याने द्यायची रक्कम दर्शनावर ठरायची: ठरलेले सगळे पक्षी दिसले तर ३० डॉलर, एखाद-दुसराच दिसला तर १५. पक्षी मारला की पुढच्या पाहुण्याचे १५ डॉलर गेले, हे लहान पोरालाही समजतं.

याच्या उलट, वर्षाअखेरीस गावच्या खात्यात एक गलेलठ्ठ चेक येतो आणि त्यातून समाजमंदिर उभं राहतं. समाजमंदिराचा आणि जंगलातल्या माकडाचा संबंध कुणाच्या डोक्यात जुळत नाही.

टोच्या

त्यातही धोका आहे. 'दिसलं तर जास्त' म्हटल्यावर गाईड पक्ष्याला घरट्यापर्यंत पिटाळत नेतो. दर्शनावर पैसे ठेवले तर अंतराचा नियम लेखी हवा आणि तो मोडल्यावर कापायची रक्कमही.

शोषखड्डा

नावाला जागून सांडपाण्यावर येतो. हिरवं पान लावणाऱ्यांची झाकली मूठ इथे उघडते.

वर्षावनात भूजल वर असतं आणि पावसाळ्यात ते आणखी वर येतं. साध्या सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात मुरायला खाली कोरडी माती लागते. तीच पाण्याने तुडुंब असेल तर मैलापाणी वर येतं नाहीतर आडवं सरकत ओढ्याला मिळतं. लॉजवाले मात्र अभिमानाने सांगतात, 'आमच्याकडे सेप्टिक टाकी आहे'. ती असतेच. प्रश्न तिच्या पुढचा आहे.

विचारायचं ते असं. शोषखड्डा ओढ्यापासून किती लांब? निदान ३० मीटर हवा, आणि पूररेषेच्या वर. टाकीतला गाळ शेवटचा कधी उपसला आणि नेला कुठे? जिथे फक्त बोट पोचते तिथे मैलागाडी येणार नाही हे उघड आहे. मग गाळ एकतर बोटीतून पिंपात जातो किंवा मागच्या झाडीत पुरला जातो. या प्रश्नाला चटकन उत्तर आलं तर समजा, तिथे कुणीतरी खरंच लक्ष घालतंय.

अशा जागी कोरडा संडास जास्त शहाणपणाचा. दोन कप्पे, एक वापरात, दुसरा बंद. बंद कप्पा निदान वर्षभर तसाच ठेवायचा. दर वापरानंतर मगभर लाकडाचा भुसा किंवा वाळका पाचोळा. लघवी वेगळ्या नळीने बाहेर काढायची, कारण कोरडा संडास बिघडतो तो ओलाव्याने. ओल आली की हवा आत जात नाही, वास सुटतो, माश्या येतात, पाहुणे तक्रार करतात आणि मालक वैतागून फ्लश बसवतो. पावसाच्या प्रदेशात छपराची वळचण तोकडी ठेवली तर नेमकं हेच होतं. अख्खा इकोटुरिझम दीड हात पत्र्यावर येऊन अडतो.

आणि फ्लश असेल तर संडासात क्लोरीनवाला क्लीनर ओतायचा नाही. टाकीत मैला कुजवणारे जिवाणू त्यानेच मरतात.

चकवा

जेवताना धागा उघडला ही चूक झाली.

शेवाळ

सांडपाण्याइतकंच पायवाटेकडे बघा. लॉजच्या फोटोंत वाट दिसतेच. सरळ उतारावरून खाली पळणारी वाट म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात झालेला ओहोळ. चांगली वाट उताराला आडवी जाते आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असतो, सरासरी १० टक्क्यांच्या आत. मधेमधे वाटेला तिरके लाकडाचे किंवा दगडाचे बांध घालून पाणी बाजूला काढलेलं असतं. बांध काटकोनात घातला तर त्याच्यामागे गाळ साचतो आणि दोन-चार पावसांत पाणी त्याच्यावरून उडी मारून जातं, म्हणून तिरका.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पाहुणेच करतात, बूट जपायच्या नादात. डबकं आलं की प्रत्येक जण कडेने जातो. कडेची रोपं तुडवली जातात, तिथे चिखल होतो, पुढचा आणखी कडेने. एका मोसमात दोन फुटांची वाट दहा फुटांची होते. म्हणून गमबूट घालायचे आणि डबक्याच्या मधून चालायचं. जे लॉज गमबूट स्वतःच देतात त्यांना हे कळलेलं असतं. त्यात आणखी एक फायदा: तिथले बूट तिथेच राहतात.

काजवा

तिथले बूट तिथेच राहण्यात फायदा काय?

शेवाळ

बेडकांचा. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरातल्या बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्यात. ती ओल्या चिखलातून बुटाबरोबर एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाते. स्वतःचे बूट न्यायचेच असतील तर आधी ब्रशने खाचांमधला चिखल पूर्ण काढा, धुवा, मग जंतुनाशक, मग उन्हात कडकडीत वाळवा. क्रम महत्त्वाचा. चिखलावरच ब्लीच ओतलं तर ते चिखलातल्या सेंद्रिय पदार्थावरच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचतच नाही. या बुरशीला कोरडेपणा अजिबात सोसत नाही, त्यामुळे वाळवण्याची पायरी कधीच गाळू नका.

भटकभवानी

बूट निघालेच आहेत तर जळवांचं सांगा कुणीतरी. मीठ नेतात, तंबाखू नेतात, पायाला डीईईटी (किडे पळवायचं औषध) फासतात...

शेवाळ

तिन्ही नकोत. मीठ किंवा चटका दिला की जळू पोटातलं जखमेत ओकते, संसर्गाचा धोका वाढतो. नखाने आधी तिचं निमुळतं टोक सोडवायचं, तोंड तिथे असतं. मग जाडं टोक. रक्त थोडा वेळ वाहतं, दाबून धरायचं. डीईईटी पायाला फासून ओढ्यात उतरलात तर ते पाण्यात जातं, आणि त्याच हाताने दुर्बीण धरली तर तिचं प्लास्टिक आणि रबरही चिकट होतं. दाट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या, विषय संपला.

कापूसकोंड्या

मूळ विषयावर एक विरोधी मत मांडतो. हा सगळा खटाटोपच चुकीच्या टोकाने चाललाय. दुसऱ्या खंडात विमानाने जाऊन यायचं म्हणजे माणशी दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड. त्यापेक्षा घरी बसा आणि तेच पैसे थेट पाठवा. अरुणाचलमध्ये पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात धनेशाची घरटी दत्तक घेण्याची योजना २०११-१२पासून चालू आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, वनविभाग आणि न्यिशी जमातीच्या गावबुढ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, घोरा-आबे सोसायटी मिळून चालवतात. शहरातले लोक पैसे देतात, त्यातून गावातल्या घरटी-राखणदारांचे पगार होतात. पूर्वी शिकार करणारेही त्यात आहेत. ना लॉज, ना बोट, ना शोषखड्डा.

शोषखड्डा

शेवटचा शब्द मनाला लागला.

ओलीमाती

योजना उत्तमच आहे. पण दत्तक योजना दात्याच्या आठवणीवर चालते. पाहुणे येत राहिले की गावाकडे आणखी एक गोष्ट जमा होते, ती म्हणजे वजन. इक्वेडोरमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानात आन्यांगू गावच्या किच्वा आदिवासींनी शिकार बंद केली आणि लॉज चालवायला घेतला. लॉजकडे जाणाऱ्या काळ्या पाण्याच्या ओढ्यावर इंजिन चालवत नाहीत, दोन-एक तास वल्ह्यानेच जायचं. त्याच यासुनीच्या दुसऱ्या भागातलं तेल जमिनीतच ठेवायचं का, यावर ऑगस्ट २०२३मध्ये देशभर सार्वमत झालं आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी ठेवायचं म्हटलं. तेलाला पर्याय असलेलं चालतंबोलतं उदाहरण समोर असणं अशा वेळी उपयोगी पडतंच. हे घरून पैसे पाठवून होत नाही.

विमानाबद्दल मात्र सहमत. जायचंच तर तीन-तीन दिवसांच्या तीन सहलींपेक्षा दहा दिवसांची एकच. गावालाही तेच परवडतं. दर पाहुण्यामागे चादरी, बोटीची फेरी, नोंदणी हा खर्च एकदाच होतो.

टोच्या

यासुनीच्या मतदानाचं श्रेय लॉजला देऊ नका, त्यामागे दहा वर्षांची सह्यांची मोहीम आणि आदिवासी संघटना होत्या. असंच कोस्टा रिकाबद्दल ऐकू येतं, 'पर्यटनाने जंगल परत आणलं'. १९८०च्या दशकात तिथलं जंगल देशाच्या सुमारे पाव भागावर आलं होतं, आज निम्म्याहून जास्त आहे. पण १९९६च्या वनकायद्याने जंगल तोडून तिथे दुसरं काही करण्यावर बंदी घातली आणि झाडं राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनकरातून पैसे द्यायला सुरुवात केली. त्याआधी गुरांच्या मांसाचा भाव पडला होता, कुरणं ओस पडली होती. पर्यटनाने हातभार लावला, नांगर दुसऱ्यांनी ओढला.

रानवेल

मस्त चाललंय. टोच्या, तुमचं नाव सार्थ आहे. गोरिलांबद्दल कुणी लिहील का? तिथे परमिटचा दर ऐकून डोळे पांढरे होतात.

भटकभवानी

ते महाग आहे ते मुद्दाम, आणि माझ्या मते योग्य आहे. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून फक्त ८ पाहुणे, तेही एकच तास. पूर्वी ७ मीटर अंतर ठेवायचे, कोविडनंतर १० मीटर आणि मास्क. कारण आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. वर १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. एवढ्या कमी माणसांतून खर्च भागवायचा तर दर चढणारच. र्‍वांडाने २०१७मध्ये परमिट ७५० डॉलरवरून १५०० केलं आणि त्याच वेळी आसपासच्या वस्त्यांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. डोंगरी गोरिलांची संख्या २०१८पर्यंत हजाराच्या वर गेली आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने त्यांना 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. पशुवैद्य, राखणदार, फासे काढणारी पथकं यांचा बराचसा खर्च या पैशातून निघतो.

सर्दी असेल तर गाईडला सांगा. परमिट वाया जाईल म्हणून लपवणारे असतात, तो शुद्ध गुन्हा समजावा. आजारी पाहुण्याला परत पाठवलं तर पैशाचं काय होतं, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. परत मिळणार असतील तर लपवायचा मोहच होत नाही.

ओलीमाती

गोरिलांची बाजू बरोबर, माणसांची राहिली. १९९१मध्ये युगांडातलं ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान् पिढ्या त्या जंगलात राहिलेल्या बात्वा लोकांना बाहेर काढलं. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, त्यामुळे बहुतेकांना काहीच मिळालं नाही. आता तिथल्या वाटणीचा पैसा उद्यानाला लागून असलेल्या गावांच्या प्रशासनातून जातो. ज्याच्या शेतात बबून आणि हत्ती घुसतात त्याच्यापर्यंत तो पोचतोच असं नाही. म्हणून 'गावाला किती टक्के' याच्या जोडीला 'गाव म्हणजे कोण' हेही विचारायला हवं.

काजवा

मग सगळ्यात वजनदार प्रश्न: साथ आली, विमानं बंद पडली, तर?

टोच्या

तर तेच होतं जे २०२०मध्ये झालं. मार्चमध्ये पर्यटन बंद, आणि जूनच्या सुरुवातीला ब्विंडीत रफिकी नावाच्या रुपेरी पाठीच्या नर गोरिलाला भाल्याने मारलं. मारणारे रानडुकराच्या वगैरे शिकारीला जंगलात शिरले होते. प्रमुखाला ११ वर्षांची शिक्षा झाली. सगळं छप्पर पर्यटनाच्या एका खांबावर उभं असलं की असं होतं.

लॉजला विचारा: पाहुणे नसलेल्या महिन्यांत गस्त चालू असते का, आणि तिचा पगार कशातून? राखीव निधी किती महिन्यांचा आहे? सहा महिन्यांचा असेल तर उत्तम. 'निधी वगैरे नाही, पण लोक जंगलावर प्रेम करतात' असं उत्तर आलं तर ओळखा.

पाणकावळा

बोर्निओचं उदाहरण राहिलंय. मलेशियाच्या साबा राज्यातल्या किनाबातांगान नदीवर बातू पुतेह इथल्या गावांनी १९९७पासून स्वतःचं पर्यटन उभं केलं आणि २००३मध्ये सहकारी संस्था केली. होमस्टे, बोटी, गाईड सगळं संस्थेकडून, पाळीपाळीने. तिथल्या तुंगोग तळ्यावर साल्व्हिनिया नावाचं पाणतण दाट माजलं होतं, ते गावकऱ्यांनी हाताने काढलं. पाहुण्यांकडून रोपं लावून घेतात आणि मुख्य म्हणजे नंतरचं तण काढतात. वर्षावनात रोप लावणं दहा टक्के काम, वेली आणि गवत छाटत राहणं नव्वद टक्के. 'आम्ही इतकी झाडं लावली' सांगणाऱ्याला 'तिसऱ्या वर्षी किती जिवंत होती' असं विचारा.

त्याच नदीवर एक गंमत, म्हणजे गंमत नव्हे. तिथे बोटीतून दोन तासांत लांबनाक्या माकडांचे कळप, मगरी, धनेश, नशीब असेल तर ओरांगउटान आणि हत्ती दिसतात. लोक म्हणतात, काय समृद्ध जंगल! प्राणी इतके सहज दिसतात कारण दोन्हीकडून तेलपामचे मळे आलेत आणि सगळे नदीकाठच्या पट्ट्यात कोंडलेत. २००५मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे २६ हजार हेक्टरांचं आहे, तेही तुकड्यातुकड्यांत. धडधाकट वर्षावनात दिवसभर चालून चार पक्ष्यांचे आवाज आणि एक शेपटी दिसते. 'शंभर टक्के दर्शन' लिहिणाऱ्यापासून जपून.

पाळीबद्दल एक तांत्रिक मुद्दा. पाळीची वही संस्थेकडे असते, पुढचा पाहुणा पुढच्या घरी. इंटरनेटवरच्या परीक्षणांनी ही पद्धत मोडते. कुणीतरी एका घराचं नाव घालून पाच तारे देतो, मग प्रत्येकाला तेच घर हवं असतं, बाकीची दहा घरं रिकामी राहतात आणि वर्षभरात गावात दोन तट पडतात. परीक्षण लिहायचं तर संस्थेचं लिहा, घराचं नको.

भटकभवानी

हे शेवटचं कधी सुचलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

शेवाळ

'शंभर टक्के दर्शन' कसं घडवतात तेही सांगतो. एक, स्पीकरवर पक्ष्याची हाक वाजवून. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, तो घरटं, खाणं सोडून भांडायला येतो. एकदा ठीक, पण प्रसिद्ध वाटेवर तोच पक्षी दिवसात पाच गटांशी भांडतो. दोन, आमिष. यावर मात्र माझं मत पक्कं नाही. इक्वेडोरमध्ये मिंडो भागात एका शेतकऱ्याने लाजऱ्या जायंट अँटपिटा पक्ष्याला गांडुळं घालून हाकेला यायला शिकवलं. लोक जगभरातून आले आणि त्याने झाडं तोडायची सोडून जंगल राखलं. पक्ष्याला सवय लागली हे खरं, जंगल उभं राहिलं हेही खरं. तीन, पकडून ठेवलेला प्राणी. तिथे मतभेदाला जागाच नाही. स्लॉथला कुशीत घेऊन फोटो काढतात आणि म्हणतात बघा कसा हसतोय. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी असते, घाबरलेला असतानाही तो हसराच दिसतो.

कापूसकोंड्या

पूर्वीचे शिकारी आणि गाईड यावरून: केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून नेणारे, तिकडे तिला वायना म्हणतात, त्यांच्या समितीने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रेकिंग आणि गस्त दोन्ही चालवलं. जुन्या चोरवाटा त्यांनाच माहीत. पेरियार फाउंडेशन २००४मध्ये झालं. पाहुण्यांकडून घेतलेला अधिभार थेट सरकारी तिजोरीत न जाता तिथेच वापरता यावा, ही त्यामागची सोय. देशातल्या इतर व्याघ्र प्रकल्पांना नंतर तोच नमुना मिळाला. घरी बसा म्हणणाऱ्या माझ्याकडून हे, म्हणजे बघा.

शोषखड्डा

एक विसरलो, बोटी. जुनं टू-स्ट्रोक इंजिन इंधन-तेलाचा मोठा हिस्सा न जाळताच पाण्यात सोडतं, मागे इंद्रधनुषी तवंग दिसतो. फोर-स्ट्रोक हवं, आणि तळ्यात वल्हं किंवा विजेची मोटर. नदीने सोडलेल्या जुन्या वळणांच्या वाकड्या तळ्यांत राहणाऱ्या महाकाय पाणमांजरांसाठी तर अर्धं तळं पाहुण्यांना बंदच लागतं, पिल्लं असताना त्रास झाला तर ती दगावतात.

आणि छप्पर. ताडाच्या पानांचं छप्पर फोटोत झकास दिसतं, पण काही वर्षांनी बदलावं लागतं आणि त्याला हजारो पानं लागतात. पानासाठी अख्खं झाड पाडतात की मधला कोंब सोडून बाहेरची पानं काढतात, हे विचारा. पाडत असतील तर त्यापेक्षा पत्रा बरा.

रानवेल

आता मूळ प्रश्नाकडे येते. धाग्यातून ईमेलचा मसुदा केलाय, बघा:

'नमस्कार. बुकिंगपूर्वी पाच गोष्टी कळवाल का? १) जमीन कोणाच्या मालकीची, गावाशी करार किती वर्षांचा आणि मुदतीनंतर लॉज कोणाचा? २) गावाचा वाटा विक्रीवर की नफ्यावर, आणि हिशेब कोण तपासतं? ३) व्यवस्थापक आणि मुख्य गाईड कुठले आहेत? ४) टाकीतला गाळ शेवटचा कधी उपसला, कुठे नेला? ५) आपण वन्यजीवांना त्रास होणार नाही याची काळजी घेता का?'

टोच्या

पहिले चार फक्कड. पाचवा काढा, त्याला जगातला प्रत्येक लॉज 'हो' म्हणेल. त्याऐवजी लिहा: 'गेल्या मोसमात कुठली वाट किंवा तळं पाहुण्यांसाठी बंद ठेवलं होतं, किती दिवस आणि कशामुळे?'

रानवेल

बदललं.

चकवा

रुमाल उचलतो. जेवण गार झालं.